गेल्या वर्षीचं गाऱ्हाणं

माझे वडील दिवसभर माझ्या कानात बोलतात आणि संध्याकाळी मी घरी गेले की गप्प असतात.

हे कोडं वाटू नये म्हणून आधीच सांगून टाकते. मी दादरला एका संस्थेत काम करते. जुन्या पोथ्या, वैद्यांची औषधांची बाडं, कोळणींची हळदीची गाणी, कोकणातली गाऱ्हाणी, असं जे जे माळ्यावरच्या ट्रंकांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात उरलंय, ते स्कॅन करायचं, रेकॉर्ड करायचं आणि अभ्यास करणाऱ्याला पटकन सापडेल असं संगणकात लावून ठेवायचं, हे आमचं काम. माझ्या वाट्याला गाऱ्हाणी आली, कारण मी डिलाईल रोडच्या चाळीत वाढले आणि आमच्याकडे घरात मालवणी बोलतात. हेडफोन लावून एकेक शब्द ऐकायचा, टाइप करायचा, खुणा करायच्या. त्यातली जी फाइल लोक सगळ्यांत जास्त मागतात ती माझ्या बाबांची आहे. ती केली तेव्हा बाबा धडधाकट होते. नंतर त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि सगळी भाषा जाऊन एकच शब्द शिल्लक राहिला.

तो शब्द ‘व्हय’. चहा हवा का? व्हय. नको का? व्हय. पाय दुखतोय? व्हय. डॉक्टरांनी समजावलं, की त्यांना कळतं सगळं, पण हवा तो शब्द तोंडापर्यंत पोचत नाही, जो एक सुटा राहिलाय तोच पुढे येतो. म्हणजे माणूस आत जागा आहे आणि दाराला बाहेरून कडी घातलेली आहे. मी त्यांच्यासमोर बसते, वीस प्रश्नांचा खेळ खेळल्यासारखी विचारत सुटते, आणि प्रत्येक उत्तर तेच येतं. कधीकधी त्यांना स्वतःचाच इतका राग येतो की डाव्या हाताने ते खुर्चीच्या हातावर बुक्की मारतात. तेव्हाही तोंडातून व्हयच येतं.

गाऱ्हाणं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. देवापुढे नारळ ठेवायचा आणि एकाने उभं राहून देवाशी सगळ्यांच्या वतीने बोलायचं. त्याच्या प्रत्येक वाक्यामागून बाकीच्यांनी म्हणायचं, ‘व्हय म्हाराजा’. आमच्या चाळीत माघातल्या सत्यनारायणाच्या पूजेआधी बाबा गाऱ्हाणं घालायचे. गिरणी होती तेव्हाही घालायचे, गिरणी गेल्यावर लोअर परळच्या एका टॉवरखाली सिक्युरिटीच्या निळ्या शर्टात उभे राहायला लागले तेव्हाही घालायचे. आयुष्यभर ज्याने सांगितलं, त्याच्याकडे नेमका ऐकणाऱ्यांचा शब्द उरला. देवाला असले विनोद सुचतात.

पूजेच्या आधीचा आठवडाभर आमच्या खोलीत माणसांची ये-जा असायची. कुणी दारातूनच मुलाचं सांगायचं, ‘काका, आमच्या झिलाच्या नोकरीचा घाला हां.’ कुणी आत येऊन, कप हातात घेऊन, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून मग खालच्या आवाजात सांगायचं. बाबा काही लिहून घेत नसत. पूजेच्या दिवशी सगळं बरोबर बाहेर यायचं, आणि असं यायचं की ज्याचं त्याला कळावं आणि बाकीच्यांना तोंडावर काही म्हणता येऊ नये.

त्यांचा एक नेम होता. नवं मागण्याआधी ते गेल्या वर्षीचं मिटवायचे. ‘देव काय बहिरो नाय,’ ते म्हणायचे, ‘पण त्येच्या डोक्यार किती घालशात?’ झालेल्या कामाचं नाव घेऊन देवाचे आभार मानायचे. न झालेल्याचंही नाव घ्यायचे. माझ्या लग्नाचं त्यांनी कैक वर्षं घातलं. मग एका वर्षी अख्ख्या चाळीसमोर म्हणाले, ‘बा म्हाराजा, माझ्या चेडवाच्या लग्नाचा तुका सांगत इलंय, तू काय ऐकलंस नाय. आता तिकाच ता नको आसा. आमची तक्रार नाय. ह्या गाऱ्हाणा आज मिटला.’ लोक हसत हसत ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. मी लाजेने आणि रागाने लाल झाले, आणि घरी येऊन बाबांशी भांडले. पण त्या दिवसानंतर चाळीत एकाही माणसाने माझ्या लग्नाचा विषय काढला नाही. देवाने ऐकलं नसेल, शेजाऱ्यांनी ऐकलं. मी किती सुटले ते मला फार उशिरा कळलं.

रेकॉर्डिंग केलं त्या वर्षी आईचं डायलिसिस चालू होतं. आमच्या संस्थेला एक गाऱ्हाणं स्टुडिओत नाही, तर माणसांमध्ये चालू असताना हवं होतं. मी संस्था चालवणाऱ्या बाईंना म्हटलं, आमच्याकडेच या. त्या आल्या, माइक लावला. आईला उभं राहवत नव्हतं म्हणून तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती, ती नेमकी माइकच्या शेजारी. बाबांनी गेल्या वर्षीचं मिटवलं, मग चाळीचं सगळं सांगितलं, आणि शेवटाकडे येऊन थोडे थांबले, खोकले आणि म्हणाले, ‘बा म्हाराजा, माझ्या घरकारणीचा दुखणा तू बघतंस. तिच्या आंगात बळ घाल, तिका उभी कर रे म्हाराजा.’ सगळे म्हणाले, ‘व्हय म्हाराजा.’ सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, मागे राहिलेल्या माणसाने पायऱ्या चढून यावं तशी, एकटी आई म्हणाली, ‘व्हय म्हाराजा.’ रेकॉर्डिंगमध्ये ते स्वच्छ ऐकू येतं.

दिवाळीच्या आधी आई गेली. पुढची पूजा यायच्या आत बाबांना झटका आला. म्हणजे ते गाऱ्हाणं मिटवायचं राहिलं.

त्या माघात पूजा कशी करायची हा प्रश्न पडला. बाबांनंतर कोण, असं कुणी कधी ठरवलं नव्हतं. आमच्या चाळीत पन्नाशीच्या आतले पुरुष मालवणी बोलतात ते शिव्या देण्यापुरतं. तेव्हा चाळीच्या मंडळाचा सेक्रेटरी माझ्याकडे आला. पोरगा चांगला आहे, लोअर परळच्याच एका ऑफिसात असतो, बाबांना जिन्यावरून खाली आणायला दर वेळी पहिला हात त्याचा. म्हणाला, ‘ताई, काकांचा आवाज तुमच्या साइटवर आहे ना? तोच लावूया?’

लावला. चाळीच्या चौकात स्पीकरमधून बाबांचा आवाज आला, ‘बा देवा म्हाराजा,’ आणि बायका रडायला लागल्या. मी पण रडले. बाबा चाकाच्या खुर्चीत बसून होते आणि प्रत्येक वाक्याला लोकांबरोबर व्हय म्हणत होते. ‘बघा, बघा, काका म्हणतायत,’ असं लोक एकमेकांना दाखवत होते. सगळ्यांना फार बरं वाटलं. आणि ज्याने सगळ्यांना बरं वाटतं ते आमच्याकडे पुढच्या वर्षी आपोआप प्रथा होतं.

तेव्हापासून दर माघात आमच्या चौकात तेच एक वर्ष येतं. बारावीत पास कर म्हणून जिच्यासाठी देवाला साकडं घातलंय ती कडेवर पोर घेऊन उभी असते आणि तिचं नाव निघालं की सगळे खिदळतात. दोन खोल्या विकून लोक डोंबिवलीला गेले, त्यांच्या मुलाच्या दम्याची काळजी देवाने अजून डिलाईल रोडला येऊन घ्यायची. गावच्या वाटणीवरून भांडणारे दोघे भाऊ समेट करून एकत्र घर बांधून बसले तरी ‘त्येंका सद्बुद्धी दी’ चालूच आहे. लहान पोरांना ते सगळं तोंडपाठ झालंय. बाबा जिथे खोकले तिथे पोरंही खोकतात. मी हसते. हसल्याशिवाय काय करणार? पण खोकला आला की मला पुढचं माहीत असतं.

त्या एका वाक्याला बाबा व्हय म्हणत नाहीत. पहिल्या वर्षी मला वाटलं दमले असतील. पुढच्या वर्षी मी मुद्दाम बघत राहिले. स्पीकरमधले बाबा आईला उभी करायला सांगतात, सगळी चाळ व्हय म्हाराजा म्हणते, आई मागून म्हणते, आणि खुर्चीतले बाबा ओठ मिटून फरशीकडे बघत असतात. ज्या माणसाला दुसरा शब्दच नाही तो तिथे तेवढा एक शब्दही देत नाही. मेलेल्या बायकोला बरी कर असं स्वतःच्याच आवाजात दर वर्षी ऐकायचं, आणि नको म्हणायला तोंड नाही. उठून जावं तर कुठे जाणार, वर आमचीच खोली, आणि तिथेही स्पीकर ऐकू येतोच.

ऑफिसातही सुटका नव्हती. आमच्याकडे एक नवीन सोय आली. पुष्कळ गाऱ्हाणी शेजारी शेजारी ठेवली की संगणक ती पडताळून रंगवतो. सगळ्यांत सारखं येणारं, देवांना बोलावणं, चुकलंमाकलं पदरात घे म्हणणं, हे करड्या रंगात. फक्त एकाच ठिकाणी, एकदाच आलेलं, ते पिवळ्या रंगात. बाबांचं गाऱ्हाणं उघडलं तर डोकं आणि शेपूट करडं आणि मधे सगळं पिवळं धमक. बाई खूश झाल्या. ‘बघ, पिवळं आहे ते त्या वर्षाचं, त्या चाळीचं. हे दुसऱ्या वर्षी असं असूच शकत नाही,’ त्या म्हणाल्या. मी मान हलवली. त्यांना काय सांगणार, की आमच्याकडे पिवळ्याचंच करडं होऊन बसलंय.

प्रत्येक फाइलला माहितीचे रकाने असतात. कुठे, कधी, कोणता देव, कोणती मागणी. ‘पुढे काय झालं’ असा रकाना नाही. मी एकदा बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘ते आपल्याला कसं कळणार?’ बरोबरच होतं. शेकडो गावांतल्या शेकडो मागण्यांचं काय झालं ते आम्हाला कळणार नव्हतं. एकीचं मला माहीत होतं आणि ते लिहायला जागा नव्हती.

मी ते वाक्य कापायचाही प्रयत्न केला. अवघड काहीच नाही. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते, हवा तेवढा तुकडा धरायचा आणि उडवायचा. धरला. मग दिसलं, की त्याच्यामागे एक बारीक उंचवटा आहे, तो आईचा. बाबांचं वाक्य काढलं तर ती कशाला व्हय म्हणतेय ते कळत नाही. तिलाही काढलं तर ती गेलीच. आईचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. फोटो आहेत, साड्या आहेत, आवाज तेवढाच. मी उडवलं, ऐकलं, आणि दोन सेकंदांत परत आणलं. फाइल होती तशी ठेवली आणि मागे टेकून बसले. मला तेव्हा बाबांचा सुद्धा राग आला. नंतर तो आईवर गेला. कुणावर तरी काढायला हवा होता.

यंदा पूजेच्या आधी सेक्रेटरी खोलीवर आला. बाबा खिडकीशी बसले होते. त्याने त्यांच्या पायाला हात लावला आणि उत्साहाने मला म्हणाला, ‘ताई, एक भारी आयडिया आहे. आता आवाज बनवता येतो, माहितीये ना? काकांचंच रेकॉर्डिंग टाकायचं, आपण यंदाचं टाइप करायचं, काकांच्या आवाजात येतं. सेम टु सेम. बारावीचं काढू, काकूंचं पण काढू. तुला पण त्रास होतो ना, मला दिसतं.’

त्याला दिसत होतं, हे मला माहीत नव्हतं. त्याने बाबांकडे वळून मोठ्याने विचारलं, ‘काका, चालेल ना तुमचा आवाज?’

‘व्हय,’ बाबा म्हणाले.

‘बघ, काका पण हो म्हणाले.’

मी त्या पोराला इतकं बोलले की शेजारची मावशी दारात आली. वाईट म्हणजे त्याची चूक काहीच नव्हती. ज्याने विचारलं त्याला हो मिळतं, एवढंच होतं. कागद पुढे केला असता तर अंगठाही मिळाला असता. बाबा माझ्याकडे बघत होते आणि ‘व्हय, व्हय, व्हय’ म्हणत डाव्या हाताने बुक्क्या मारत होते. ते माझ्या बाजूने होते की त्याच्या, हे मला त्या खोलीत कळायला काही मार्ग नव्हता.

‘मग ताई, तूच सांग कोण घालणार,’ सेक्रेटरी शेवटी म्हणाला. ‘माणूस दे, मी फोन खिशात ठेवतो.’

मी मावशीकडे बघितलं. ती म्हणाली, ‘माझ्याकडे काय बघतंस? बाईमाणसान गाऱ्हाणा घातलेला खय ऐकलंस? आणि चुकीचा पडला तर उलाट येता, बाय.’

म्हणून पुन्हा जुनीच फाइल लावायचं ठरलं.

पूजेच्या दिवशी चौकात नेहमीसारखं सगळं मांडलं. केळीचे खांब, चौरंग, पुढे नारळ. बाबांची खुर्ची पुढे आणली. सेक्रेटरीने फोन स्पीकरला जोडून टेबलावर ठेवला. मी टेबलाशी उभी राहिले. आधी काही ठरवून नव्हे, तिथे सावली होती.

‘बा देवा म्हाराजा...’

व्हय म्हाराजा. बारावी आली, सगळे हसले, कडेवरच्या पोरानेही टाळ्या वाजवल्या. दमा झाला, सद्बुद्धी झाली. बाबा प्रत्येकाला व्हय म्हणत होते. मग खोकला आला आणि चौकातली सगळी पोरं खोकली.

‘माझ्या घरकारणीचा दुखणा तू बघतंस. तिच्या आंगात बळ घाल, तिका उभी कर रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा,’ चाळ म्हणाली. बाबांचे ओठ मिटलेले होते. मी थांबले. मागून आई आली, ‘व्हय म्हाराजा.’ तिचं पूर्ण होऊ दिलं आणि हात पुढे करून फोन थांबवला.

लोकांना वाटलं बॅटरी गेली. सेक्रेटरी पुढे झाला, माझ्याकडे बघितलं आणि तिथेच थांबला.

माझा आवाज चांगला नाही, आणि माझ्या मालवणीत दादरचं ऑफिस मिसळलेलं आहे. नारळाकडे बघून म्हटलं, ‘बा म्हाराजा, माझ्या आवशीचा तुका सांगितलेला. तू काय ऐकलंस नाय. ती गेली.’

पुढचं मला पाठ होतं. आमची तक्रार नाय, असं म्हणायचं असतं. ते तोंडातून येईना. बाबांना येत होतं, त्यांचं मन मोठं होतं, आणि ते माझं नुसतं लग्न होतं.

‘आमची तक्रार आसा,’ मी म्हटलं. ‘पण ह्या गाऱ्हाणा आज मिटला.’

याला व्हय म्हाराजा म्हणायचं की नाही हे कुणालाच कळेना. देवाला तोंडावर तक्रार सांगितलेली, तीही बाईने. मावशीने पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, संपलं, आता उलटं पडेल ते माझ्यावर पडेल, आणि मी मान वर न करता उभी राहिले.

‘व्हय,’ खुर्चीतून आवाज आला.

मी बघितलं. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. नारळाकडे बघत होते, आणि ओठ उघडे होते. मग मागून कुणीतरी ‘म्हाराजा’ म्हणालं, आणि मग सगळेच म्हणाले. कडेवर पोर असलेली ती मुलगी पुढे सरकून हळूच म्हणाली, ‘ताई, माझं पण मिटव गं एकदाचं.’ मग लोक डावीउजवीकडून यंदाचं सांगायला लागले, आणि मी चुकत, अडखळत, त्यांचं सांगत गेले. सेक्रेटरीने स्पीकरची पिन काढून फोन खिशात ठेवला.

संध्याकाळी बाबांना वर आणलं. त्यांचा सदरा बदलला, तीर्थप्रसाद भरवला. विचारलं, चहा करू?

‘व्हय.’

नको का?

‘व्हय.’

मी गॅस पेटवला. त्यांना चहा हवा होता की नाही, मला अजूनही माहीत नाही.